मॅटिंगखालचा गाळ : पहिली गाडी घेताना माझी झालेली फसवणूक

मार्च 2023 मध्ये भोसरीच्या आयडीटीआरला, म्हणजे ड्रायव्हिंग टेस्ट होते त्या संस्थेत, टेस्ट पास झालो आणि पर्मनंट लायसन्स हातात आलं. पंधरा दिवसांत मी जुनी गाडी घेतली. ती पुरात बुडालेली निघाली. नुकतं लायसन्स मिळालेली बरीच मुलं आत्ता गाडी शोधत असतील, त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितोय.

आम्ही चौघं मित्र. रोज रात्री टपरीवर चहा आणि गाड्यांच्या गप्पा. कुठल्या इंजिनाचा पिकअप कसा, ऑइल किती किलोमीटरला बदलायचं, अलॉय कुठले शोभतील. आपल्याला गाडीतलं कळतं, असं मला मनापासून वाटायचं. शहराबाहेरच्या एका डीलरकडे 2017 ची पेट्रोल स्विफ्ट पाहिली. एमएच-08, म्हणजे रत्नागिरी पासिंग, मीटरवर 38 हजार किलोमीटर, भाव 3 लाख 40 हजार. त्या मॉडेलच्या बाकी गाड्यांपेक्षा साठ-सत्तर हजारांनी कमी.

"दादा, कोकणातल्या डॉक्टरांची गाडी आहे, फार फिरलेलीच नाही. संध्याकाळी अजून एक पार्टी येतेय, टोकन टाकून ठेवा." मी 10 हजार तिथेच दिले. आत कोरी सीट कव्हर्स होती आणि परफ्यूमचा इतका घमघमाट की डोकं जड झालं. मालकाने गाडी जपलेली दिसतेय, असं मी समजलो. बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकला, दोन-तीन किलोमीटर चालवून पाहिली. बाकीच्या पैशांत बाबांनी मोडलेली एफडी होती आणि आईची भिशी होती.

जूनच्या शेवटी पाऊस लागला, तशी काचांवर आतून वाफ धरायला लागली. एसी लावला की ओल्या गोणपाटाचा वास यायचा. मग डावीकडची पॉवर विंडो बंद पडली. आमच्या भागात गाड्यांचं वायरिंग करणारे एक चाचा आहेत, त्यांच्याकडे नेली. त्यांनी काचेला हातही लावला नाही. आधी चावी फिरवली आणि मीटरकडे बघत राहिले. "अरे, चावी दिली की सगळे दिवे लागून विझायला पाहिजेत. एअरबॅगचा दिवा कुठाय तुझा?"

तो लागतच नव्हता. एअरबॅगचा बिघाड दिसू नये म्हणून मुद्दाम बंद केलेला होता. तीन महिने मी आई-बाबांना घेऊन त्या गाडीतून फिरलो होतो आणि हे एकदाही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

चाचांनी पुढची सीट काढून मॅटिंग उचललं. खालचा स्पंज ओला होता. त्यात बारीक तपकिरी गाळ बसलेला, बोटाला पिठासारखा लागणारा. सीटचे बोल्ट गंजलेले, वायरिंगच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या जोडात, पिना हिरव्या पडलेल्या. मग त्यांनी सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून काढला. रोज हाताला लागणारा पट्टा स्वच्छ होता. आत गुंडाळलेल्या भागावर मातीची सरळ रेघ होती.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नंबर दिला, तर शेवटची नोंद जून 2021 ची. त्यांनीच पहिल्या मालकांशी बोलणं करून दिलं. ते चिपळूणचे. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा गाडी बॉनेटच्या वर बुडाली. विमा कंपनीने टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीच्या पलीकडची, धरून त्यांना पैसे दिले आणि गाडी भंगारात काढली. अशी गाडी लिलावात विकली जाते, त्यात गैर काही नाही. ती धुऊन-पुसून 'डॉक्टरांची गाडी' म्हणून माझ्या गळ्यात मारली, हा गुन्हा आहे.

डीलरकडे गेलो. 'दादा'चा आता 'साहेब' झाला होता. "साहेब, तुम्ही बघूनच घेतलीत ना?" त्याने डिलिव्हरीचा कागद पुढे केला. 'जशी आहे तशी' असं छापलेलं होतं, खाली माझी सही.

तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा अलॉय आणि म्युझिक सिस्टीम राहू द्या. टॉर्च घेऊन जा. मॅटिंग उचला, डिकीत स्टेपनीच्या खाली हात घाला, सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. चावी फिरवून मीटरचा एकेक दिवा मोजा. टोकन देण्याच्या आधी सर्व्हिस रेकॉर्ड काढा. मालकाच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या पॉलिसी मागा, त्यात नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट) एकदम शून्यावर आलेला दिसला तर त्या वर्षी काय झालं ते विचारा. डीलर जे तोंडी सांगतो ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. मी 'अपघात किंवा पाण्याची नाही ना?' असं विचारलं होतं आणि त्याने 'एकदम क्लीन' असं उत्तर दिलं होतं. आज माझ्या हातात तेवढाच भक्कम पुरावा आहे.

आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, मग जिल्हा ग्राहक आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. तारखा चालू आहेत.

गाडी पार्किंगमध्ये उभी आहे. मागच्या महिन्यात सोसायटीतल्या एका मुलाने विचारलं, दोन लाखांत देतोस का? त्याचं लर्निंग नुकतंच निघालंय. मी त्याला खाली नेलं, दार उघडलं आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या हातात दिला.