सांख्यिकी पटवायची कशी: बसस्टॉप की जनगणना?

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या एका शिक्षिकेचा प्रश्न: सांख्यिकी शिकायची कशाला, हे नववी-दहावीला पटवायला मुलांकडूनच आकडे गोळा करवावेत की जनगणनेचे तयार द्यावेत?

खर्च दोन्हीकडे नगण्य. वेळ पहिल्यात जास्त जातो, शिवाय एखादा घरबसल्या आकडे ठोकून देणारच. पण समजा, बसची वाट पाहण्याची मिनिटं आली 6, 7, 8, 9, 50. मध्य (सरासरी) 16, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) 8. इथे वर्ग भांडायला उठतो: खरं कोणतं? मध्यक कशाला लागतो, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. जनगणनेचे आकडे (2011: ठाणे शहर सुमारे 18.4 लाख, नवी मुंबई 11.2 लाख) भरवशाचे, पण जुने आणि परके.

नववीला, हाताशी आठवडा असेल तर बसस्टॉप. दहावीची परीक्षा तोंडावर आणि वृत्तालेखाचा (पाय चार्टचा) सराव हवा असेल तर जनगणना.