म्युनिकचं लग्न की जळगावचं रिसेप्शन?
मित्राचं लग्न मेमध्ये म्युनिकला, रिसेप्शन डिसेंबरात जळगावला. दोन्हीकडे जाणं मला परवडणारं नाही. म्युनिकसाठी शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाची) फीच 90 युरो, वर किमान 30,000 युरोंचं कव्हर असलेला प्रवास विमा आणि मुंबईच्या खेपा. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, पण अर्ज दोनेक महिने आधीच टाकलेला बरा. विमानाचं तिकीट वेगळंच.

जळगावला अमळनेरहून रेल्वेने तासाभरात पोचतो. शिवाय डिसेंबर म्हणजे भरताची वांगी! काड्यांच्या जाळावर काळी ठिक्कर भाजलेली, आत लोण्यासारखी मऊ, वर कांद्याची पात.

तरी मी म्युनिकच निवडतोय. जळगावात त्याची पाचशे माणसं असतील, तिथे मोजून पाच. सही करताना शेजारी अहिराणीत बोलणारं कुणीतरी हवं. आईने वहिनीसाठी साडीही घेऊन ठेवलीय.