रीपरवर माझ्या जुन्या कॅसेटी परत मिक्स केल्या, त्याचा अनुभव

बऱ्याच दिवसांपासून लिहायचं होतं, आज वेळ मिळाला. रीपर नावाचं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगचं सॉफ्टवेअर आहे, विनॅम्प ज्यानं बनवलं त्या जस्टिन फ्रँकेलच्या कंपनीचं, २००६ पासून चालू आहे. मी ते गेले तीन महिने एकाच कामासाठी वापरायलोय. २००६-०७ साली अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावात मी घरी भरलेल्या सात कॅसेटी आहेत, त्यांच्यातून नव्यानं काही उभं राहतंय का ते बघायचं होतं.

त्या कॅसेटींवर गाणी नाहीत. हापशाचा करकर आवाज, आजोबांची भजनाची पेटी, कडबा कटर, पत्र्यावर पडणाऱ्या गारा, रात्री रेडिओचा काटा दोन स्टेशनांच्या मधे धरला की येणारी खरखर, असलं सगळं. टेपची चोवीस सेंटिमीटरची पट्टी कापून, टोकाला टोक चिकटवून गोल करून रिकाम्या कॅसेटमधे बसवायचो, कॅसेट सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर चालते म्हणजे पाच सेकंदाचं चक्र तयार, हापसा तसाच फिरत राहायचा. ती कॅसेट मित्राच्या टेपरेकॉर्डरवर लावायची आणि आपल्या टेपरेकॉर्डरवर पेटी वाजवत परत भरायचं. पुसणाऱ्या हेडवर चिकटपट्टी लावली की आधीचं न पुसता त्याच्यावर नवं भरता येतं (खालचं थोडं मंद होतं) हे मला अपघातानं सापडलं होतं आणि त्या दिवशी मी रात्री दोनपर्यंत जागलो होतो. पॅरिसमधे पिएर शेफेर नावाच्या संगीतकारानं १९४८ मधेच रेल्वेच्या आवाजांपासून रचना केली होती आणि आपल्या अहमदाबादच्या एनआयडीत (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) १९६९ मधे मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर तयार करणारं वाद्य, येऊन तिथं टेपवर काम झालं होतं, हे मला कॉलेज संपल्यावर कळलं. त्यावेळी वाटायचं हे फक्त मीच करायलोय.

आता मुद्द्याचं. रीपरचा इन्स्टॉलर एकदम छोटा आहे, माझा लॅपटॉप दहा वर्षांपेक्षा जुना, ४ जीबी रॅमचा, त्याच्यावर बावीस ट्रॅक लावूनसुद्धा अडकलं नाही. साठ दिवस काहीही बंद न ठेवता पूर्ण वापरायला देतात, नंतर घरगुती वापराचं लायसन ६० डॉलरला. मी घेतलं. आमच्याकडच्या माणसाला ही रक्कम लहान नाही हे मला माहीत आहे, पण दर महिन्याला कापले जाणारे पैसे नाहीत, एकदाच भरायचे, आणि मला ते योग्य वाटतं. नुसत्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायच्या असतील तर मात्र घेऊ नका, ऑडॅसिटी फुकट आहे आणि तेवढ्याला पुरतं.

उतरवण्याबद्दल थोडं सांगतो कारण तिथंच मी पहिले पंधरा दिवस घालवले. आधी एक स्वस्तातला यूएसबी कॅसेट प्लेअर ऑनलाइन मागवला (कंपनीचं नाव घेत नाही), त्याचा वेग इतका डगमगायचा की पेटीचा एक लांब सूर लाटेवर बसल्यासारखा यायचा. तो परत केला. मग लातूरच्या गंजगोलाईत जुने टेप दुरुस्त करणारे एक काका भेटले, त्यांच्याकडून दुरुस्त केलेला डेक घेतला, आणि त्यांनीच सांगितलं की हेडशेजारचा बारीक स्क्रू प्रत्येक कॅसेटला थोडा फिरवून बघ, ज्या टेपवर भरलं त्याच्या हेडचा कोन आणि याचा कोन जुळला की वरचा, म्हणजे बारीक तीक्ष्ण आवाज उघडेल. अक्षरशः कानासमोरचं कापड बाजूला व्हावं तसं झालं. दुसरं, मी भरलेलं सगळं एका स्पीकरच्या मोनो टेपवरचं, म्हणून डेकचे डावा-उजवा दोन्ही मिसळायचे नाहीत, त्यातला चांगला एकच घ्यायचा, नाहीतर कोनात राहिलेल्या फरकामुळं वरचे आवाज एकमेकांना मारतात. मोनोमधे ४८ किलोहर्ट्झ २४ बिटला पंचेचाळीस मिनिटांची एक बाजू ३९० एमबीच्या आसपास जाते, म्हणजे सातही कॅसेटी एका पेनड्राइव्हवर.

रीपर मला खरं आवडलं ते पुढच्या गोष्टीसाठी. त्या काळात आमच्याकडं लोडशेडिंग दहा-दहा बारा-बारा तास, त्यामुळं रेकॉर्डिंग सगळं सेलवर. सेल उतरले की टेपची मोटर हळू फिरते, हळू फिरत भरलेलं नंतर नीट वेगात लावलं की ते पळतं आणि आवाज चढतो. आजोबांची पेटी मी कायम काळी एकमधून वाजवायचो, कॅसेटवर ती निघाली पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठंतरी. पेटी अजून गावाकडं आहे, ती आणून शेजारी ठेवून सूर लावला, तर वेग ०.९२ ला आला तेव्हा दोन्ही एक झाले. पण कॅसेट पुढं जाईल तसे सेल अजून उतरलेले, मग ०.९० आणि शेवटी शेवटी त्याहून कमी. रीपरमधे हे इतकं सोपं आहे, एस दाबून तुकडा पाडायचा, एफ२ दाबून त्या तुकड्याचा वेग लिहायचा आणि सूर तसाच ठेवायची खूण काढून टाकायची. ती खूण काढायची विसरू नका, नाहीतर वेग बदलतो आणि सूर चढलेलाच राहतो, मी यात एक अख्खा रविवार घालवला. मूळ फाइलला कशाचाच धक्का लागत नाही, परवा केलेलं आज पटलं नाही तर वेग परत १ लिहायचा, तुकड्यांची टोकं ओढायची, सगळं जसंच्या तसं.

तिसऱ्या कॅसेटच्या शेवटी हापसा चालू आहे आणि मधेच आई दारातून ओरडती, "आरं सेल संपतेत की, बंद कर ते, सकाळी रेडिओला लागतेत." इतकी वर्षं मी ते ऐकलं ते पळणाऱ्या, लहान मुलीसारख्या आवाजात, कारण तसंच भरलं गेलं होतं. तिथं पेटी नव्हती जुळवायला. गावी गेलो, आईला तेच वाक्य म्हणायला लावलं, तिनं आधी विचारलं कामून, मग म्हणली. तिचा आवाज आता जाड झालाय थोडा, त्यामुळं नुसत्या सुरावर जाता येईना, बोलण्याच्या चालीवर गेलो, "संपतेत"वर ती जितका वेळ थांबती तितका. ०.८६ ला आली. तेव्हाची आई, चाळिशीतली, खरी तशी होती.

नव्या मिक्समधे मी दोन्ही ठेवलेत. आधी पळणारा आवाज, त्याच्याखाली हापसा, आणि हळूहळू वेग खाली येत तिचा स्वतःचा आवाज होतो, तिथं पेटीचा षड्ज सुरू होतो. हे सोळा वर्षांच्या मला जमलं नसतं, आणि ती कॅसेट त्यानं भरली नसती तर आजच्या माझ्याकडं काहीच नसतं. त्याच्या कामाची मला लई किंमत वाटती.

टेपची मागची सरसर कमी करायला रीपरमधे रीएफआयआर नावाचं टूल येतं, सबट्रॅक्टवर ठेवून दोन सेकंद नुसती सरसर ऐकवायची, मग ते तेवढी वजा करतं. चांगलं चालतं, पण मी सुरुवातीला सगळीकडं लावलं आणि गारांचा सगळा तुकडा मेला, कारण पत्र्यावरच्या गारा आणि टेपची सरसर दोन्ही सारख्याच पसरट आवाजाच्या, त्याला फरक कळत नाही. आता फक्त पेटी एकटी आहे तिथं आणि तेही अर्धंच. शिवाय जुन्या टेपमधे आवाज आपोआप वरखाली करणारी सोय होती, त्यामुळं हापशाच्या दोन ठोक्यांमधे मागची शांतता फुगत येते, कुठं लांब कुत्रं भुंकतं ते मोठं होतं आणि ठोका पडला की दबतं. ते मी जाणूनबुजून राहू दिलं, तोच त्या अंगणाचा ताल आहे.

शिकायला वेळ द्यावा लागतो एवढं मात्र सांगतो, मेनूत मेनू आहेत, पहिल्या आठवड्यात काय कुठंय कळत नाही. एफ२, एस आणि ऑल्ट धरून तुकड्याची कड ओढून तो ताणणं, एवढ्या तीन गोष्टींवर माझं ऐंशी टक्के काम झालं. प्रोजेक्टची फाइल साध्या मजकुराची असते, नोटपॅडमधे उघडते, पुढं कधीही वाचता येईल याचं मला समाधान आहे.

दिवाळीत आईला मोबाइलवर ऐकवलं. स्वतःच्या आवाजाबद्दल काहीच बोलली नाही. म्हणली, "ह्यो आपला वाड्यापुढचा हापसा नव्हं?" तो २०१६ च्या दुष्काळात आटला, आता नुसता दांडा उभा आहे. परत लाव म्हणली.

पाचव्या कॅसेटची बी बाजू राहिलीय, तिचा टेप हेडवर दाबून धरणारा स्पंजचा पॅड गळून पडलाय. गंजगोलाईच्या काकांनी स्क्रूवाली रिकामी कॅसेट शोधून ठेवतो म्हणलंय, टेप तिच्यात घातली की ती पण उतरवून घेतो.