फायर प्रो रेसलिंग वर्ल्ड: आकडे खरे, पण निकाल लावते ती डावांची निवड

स्पाइक चुन्सॉफ्ट कंपनीचा ‘फायर प्रो रेसलिंग वर्ल्ड’ हा व्यावसायिक कुस्तीचा व्हिडिओ गेम २०१७ साली संगणकावर आणि २०१८ साली प्लेस्टेशन ४ वर आला. तो हातात कंट्रोलर घेऊन खेळता येतोच. परंतु दोन्ही मल्ल संगणकाच्या हवाली करून लढत नुसती पाहत बसणाऱ्यांचाही मोठा वर्ग आहे, आणि प्रस्तुत परीक्षण त्याच वापरापुरते आहे. असे पाहणाऱ्याला पडणारा पहिला प्रश्न म्हणजे मल्लाला दिलेल्या गुणांवरून लढतीचा निकाल किती सांगता येतो.

बहुतेक कुस्ती-गेममध्ये मल्लाच्या नावापुढे एकच एकत्रित रेटिंग झळकते. येथे तसे नाही. ठोसा, लाथ, सुप्लेक्स (उचलून मागे आपटणे), सबमिशन (पकडीत अडकवून हार मानायला लावणे), ताकद अशा डावांच्या प्रत्येक प्रकारासाठी आक्रमणाचे आणि बचावाचे गुण वेगवेगळे असतात, आणि एखाद्या डावाने किती इजा होणार हे मारणाऱ्याचा त्या प्रकारातील आक्रमण-गुण व खाणाऱ्याचा बचाव-गुण यांवर अवलंबून राहते. त्यामुळे लाथांत दहा गुण मिळवलेला मल्ल लाथेचाच बचाव भक्कम असलेल्या प्रतिस्पर्ध्यापुढे फिका पडतो, आणि तोच मल्ल दुसऱ्या कोणाला सहज लोळवतो. शिवाय मान, हात, कंबर आणि पाय यांची सहनशक्ती स्वतंत्रपणे ठरवलेली असते. कच्ची मान असलेल्या मल्लावर डोक्यावर आपटणारे डाव पडू लागले की त्याचे बाकीचे गुण कितीही चांगले असोत, मानेची पकड बसताच तो हार मानण्याची शक्यता वाढते.

मात्र या गेमचे खरे मर्म गुणांत नसून ‘लॉजिक’ या भागात आहे. प्रतिस्पर्धी किती थकला आहे, उभा आहे की पडलेला, कोपऱ्यात आहे की दोरांजवळ, अशा प्रत्येक प्रसंगी कोणता डाव किती टक्के वेळा टाकायचा हे तेथे ठरवावे लागते. एकाच मल्लाच्या दोन प्रती करून गुण जसेच्या तसे ठेवले, आणि एका प्रतीने प्रतिस्पर्धी पुरता थकल्यावर बहुतांश वेळा हुकमी डाव टाकावा व दुसरीने त्याच वेळी किरकोळ धरपकड करत राहावे अशी तजवीज केली, तर लढतीचा रंग किती बदलतो ते लगेच दिसते. दुसऱ्या प्रतीला जिंकता येत नाही असे नाही, पण हातातोंडाशी आलेली लढत ती लांबवत राहते आणि समोरच्याला दम खायला वेळ देते. उलट अवघड डाव सुरुवातीलाच टाकण्याची घाई केली, तर ताजातवाना प्रतिस्पर्धी तो उलटवतो. म्हणूनच बेताचे गुण असलेला पण डाव योग्य वेळी टाकणारा मल्ल मोठमोठ्या नावांना पाणी पाजू शकतो, आणि मला हा गेम आवडतो तो यासाठी.

या हिशेबावर पाणी फिरवणारी गोष्ट म्हणजे ‘क्रिटिकल’, म्हणजे एकाच डावाने प्रतिस्पर्धी अचानक गारद होणे. हा प्रसंग क्वचित घडतो, पण घडला की लढत जागच्या जागी संपते. काही जणांना हा अन्याय वाटतो. मला तो आवश्यक वाटतो, कारण त्यावाचून दुबळ्या मल्लाची लढत शेवटपर्यंत पाहण्यात अर्थच उरला नसता.

तक्रार आहे ती वेगळी. लॉजिकचे पडदे आकड्यांनी खच्चून भरलेले आहेत, आणि कोणत्या गुणाचा नेमका काय परिणाम होतो हे गेम नीट समजावून सांगत नाही. संगणकावरील गेम विकणाऱ्या स्टीमच्या ‘वर्कशॉप’ या देवाणघेवाणीच्या विभागात लोकांनी तयार केलेले मल्ल अमाप मिळतात. परंतु प्रत्येक जण गुण आपापल्या मापाने देत असल्यामुळे दोन वेगवेगळ्या निर्मात्यांचे मल्ल समोरासमोर उभे केले की ती लढत मल्लांची न राहता निर्मात्यांच्या सढळ किंवा आखडत्या हाताची होते. ज्यांना स्वतःची स्पर्धा चालवायची आहे, त्यांनी एकाच निर्मात्याचे मल्ल घ्यावेत किंवा उतरवून घेतलेल्या प्रत्येकाचे गुण आधी आपल्या मापात बसवावेत. लॉजिकला मात्र शक्यतो हात लावू नये, कारण चांगल्या निर्मात्याची मेहनत बहुतेक तेथेच खर्ची पडलेली असते.