बारा वर्षांची ठोकलेली गाडी दुरुस्त केली : आठ महिन्यांनंतर, हेडलाइटच्या कटकटीसह

काल रात्री पाऊस थांबला, सकाळी गाडीपाशी गेलो तर डाव्या हेडलाइटच्या तळाशी पाणी. वाफ नाही, दव नाही, चांगलं चमचाभर हलणारं पाणी. आठ महिन्यांपूर्वी बसवलेला हेडलाइट हा. त्याच्या शेजारचा उजवा बारा वर्षांचा, पिवळा पडलेला, म्हाताऱ्याच्या डोळ्यासारखा, पण आतून कोरडा ठणठणीत. तेव्हाच ठरवलं की आता हा अनुभव लिहायचाच.

आधी थोडक्यात प्रकरण. छोटी पेट्रोल गाडी, सव्वा लाख किलोमीटरच्या आसपास. पुढच्याने ब्रेक मारला, मी उशिरा मारला. चूक माझीच. डावा कोपरा गेला : बंपर, फेंडर, हेडलाइट, बोनेटचं टोक, रेडिएटर आणि तो धरणारा पुढचा पॅनेल. एअरबॅग उघडल्या नाहीत. विमा फक्त थर्ड पार्टी, म्हणजे खर्च स्वतःच्या खिशातून. एक शहाणपण मात्र केलं. खाली कूलंटचं थारोळं दिसल्यावर इंजिन पुन्हा चालू केलं नाही, गाडी ओढून नेली. ‘जरा कडेला घेतो’ म्हणत तापलेलं इंजिन चालवलं असतं आणि त्याचं हेड, म्हणजे वरचा भाग, वाकलं असतं, तर पुढचं काही लिहायची वेळच आली नसती.

पैशांचे आकडे देत नाही, ते प्रत्येकाचे वेगळे. ठोकण्याआधीची गाडीची बाजारातली किंमत शंभर धरा. कंपनीच्या वर्कशॉपचं एस्टिमेट आलं बासष्ट. जशी आहे तशी विकली असती तर मिळत होते वीस. बाहेरच्या गॅरेजवाल्याने सांगितले चोवीस, ‘खोलल्यावर थोडं इकडेतिकडे होईल’ या तळटीपेसह.

सगळे सांगत होते, एवढ्या जुन्या गाडीवर कशाला खर्च करतोस. मला हा हिशेबच पटला नाही. गाडीची किंमत किती हा प्रश्नच चुकीचा. वीसला ती देऊन टाकली तर त्याच तोडीची दुसरी आणायला वरून ऐंशी घालायचे, आणि तिने आधी कुठे काय खाल्लंय ते देवाला ठाऊक. माझ्या गाडीचा क्लच कधी बदलला, तेल कधी बदललं, सगळं माझ्या वहीत आहे. उलट दुरुस्त केलेली गाडी पुन्हा शंभरला जात नाही हेही खरं. मी ती पंच्याऐंशी धरली. वीस सोडले, चोवीस घातले, हातात पंच्याऐंशीची ओळखीची गाडी. कागदावर सोपं होतं.

कागदावर नसतं ते म्हणजे मार कुठपर्यंत गेलाय. बंपर हे नुसतं प्लॅस्टिकचं कव्हर. त्यामागे लोखंडी बार, आणि त्यामागे चासीचे दोन दांडे, जे धडकेत ठरवून चुरगळायला बनवलेले असतात. ही कल्पना जुनी. बेला बारेनी या अभियंत्याने 1951 मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 1959 च्या मर्सिडीझ डब्ल्यू 111 मध्ये ती रस्त्यावर आली. आपल्यासाठी त्यातली ग्यानबाची मेख अशी : एकदा चुरगळलेला दांडा ठोकून सरळ दिसेल, पण पुढच्या धडकेत तो पहिल्यासारखा चुरगळेलच असं नाही. गरम करून सरळ केला तर मजबूत पोलादाचा कस आणखी जातो.

म्हणून गॅरेजवाल्याला म्हटलं, पैशांचं मागाहून बोलू, आधी बंपर काढ. काढला. बार वाकलेला, दांडे जाग्यावर. रंगाला सुरकुती नाही, सांध्यातल्या सीलंटला तडा नाही. मग त्याने टेप काढली. डाव्या पुढच्या बोल्टपासून उजव्या मागच्या बोल्टपर्यंत एक माप, उजवीकडून डावीकडे दुसरं. सांगाडा पिळला नसेल तर दोन्ही सारखी यायला हवीत. फरक तीन मिलिमीटर. ‘तेवढं चालतं साहेब, पाच निघाले असते तर मीच नको म्हटलं असतं.’ या एका वाक्यावर मी गाडी त्याच्या ताब्यात दिली. दांडा वाकलेला निघता, एअरबॅग आणि सीटबेल्टचे प्रीटेन्शनर (धडकेत पट्टा आवळणारे) उडालेले असते, किंवा वेल्डिंग धरायला पत्राच नाही इतका गंज असता, तर वीस घेऊन मोकळा झालो असतो.

काम बारा दिवसांत झालं. फेंडर भंगारातल्या गाडीचा, रंग वेगळा. मेटॅलिक रंग कधीच हुबेहूब जुळत नाही, म्हणून पेंटरने तो दरवाज्यावर थोडा पुढे नेऊन विरवला. सकाळच्या तिरप्या उन्हात मला कळतं, दुसऱ्या कुणाला नाही. रंगाबद्दल एवढंच.

आता माझी कंजुषी. रेडिएटरपुढच्या एसीच्या कंडेन्सरच्या जाळीच्या पात्या वाकल्या होत्या. गॅरेजवाला म्हणाला, बदला. मी म्हटलं, एसी चालतोय ना, पात्या विंचरून सरळ कर. तीन आठवडे चालला. मग गार हवेची नुसती हवा झाली. कोपऱ्यात तेलकट डाग, गॅस तिथून गेलेला. परत बंपर काढा, परत मजुरी, नवा कंडेन्सर, सिस्टीम इतके दिवस उघडी राहिली म्हणून एसीतली ओल शोषणारा ड्रायरही नवा. शिवाय बारा वर्षांच्या प्लॅस्टिक क्लिपा दुसऱ्यांदा काढताना मटामट तुटल्या. हे सहा वाढले, मधले ‘इकडेतिकडे’ तीन होते. एकूण तेहतीस. तेव्हा दोन महिने मी सगळ्यांना सांगत होतो की दुरुस्तीचा निर्णय फसला.

ते मत आता बदललंय. आठ महिन्यांत नऊ हजार किलोमीटर झाले. स्टेअरिंग सोडलं तर गाडी सरळ जाते. पुढच्या दोन्ही टायरांवरून हात फिरवला तर आतली-बाहेरची झीज सारखी लागते. तापमानाचा काटा मधल्या रेघेवरून हललेला नाही. तेहतीसला हे महाग नाही.

राहिला तो हेडलाइट. ओरिजिनल सातला होता, डुप्लिकेट दोनला. दिसायला डिट्टो. बसवला तर तो इतका लख्ख की शेजारचा उजवा मोतीबिंदू झाल्यासारखा. गाडी कायम डोळा मारतेय असं वाटायचं. मी एका रविवारी उजवा घासायला बसलो : 800 चा पाणकागद, मग 1500, मग 2000, शेवटी पॉलिश. पांढरं दुधासारखं पाणी खाली उतरत होतं आणि काच, म्हणजे खरं तर पॉलिकार्बोनेट, तासाभरात आरपार दिसायला लागली. खूश झालो. पण त्या प्लॅस्टिकवर ऊन अडवणारा कंपनीचा थर असतो, तो मी उरलासुरला घासून काढला होता आणि वरून नवा थर मारला नाही. पाच महिन्यांत पहिल्यापेक्षा जास्त पिवळा.

आणि डुप्लिकेटचं म्हणाल तर दिवसा सुंदर, रात्री बेशिस्त. समोरचे मला डिपर मारायचे, मी त्यांना. शेवटी भिंतीसमोर दहा मीटरवर गाडी उभी करून पाहिलं. उजव्याचा प्रकाश मंद, पण वरची कड रेघ मारल्यासारखी. डाव्याचा भिंतभर सांडलेला. स्क्रू फिरवून तो खाली आणला तर रस्ताच दिसेना. आतला रिफ्लेक्टरच धड नाही, स्क्रू काय करणार. आणि काल हे पाणी. दोनाचं सील किती टिकणार म्हणा.

सकाळी डावा खोलून उलटा करून पाणी काढलं, केसांच्या ड्रायरने वाळवला, तात्पुरता बसवला. ओरिजिनल मागवलाय, एकच. घरात आणि गॅरेजात सगळ्यांचं म्हणणं, घेतोस तर जोडीच घे. उजवा गळत नाही, कड सरळ पाडतो, नुसता पिवळा आहे. पाणकागद शिल्लक आहेत, या वेळी वरून यूव्ही कोटिंगही आणलंय. रविवारी परत बसतो घासायला.