आठ महिने, अकरा पुस्तकं आणि पेंटर्स मिल

गेल्या गणपतीत किंडलवर 'स्वॉर्न टू सायलेन्स' उघडलं, सुट्टीत एखादी रहस्यकथा वाचावी म्हणून. तेव्हापासून आठ महिन्यांत लिंडा कास्टिलोच्या या मालिकेतली अकरा पुस्तकं झाली. नऊ वाचली, दोन स्वयंपाक करता करता ऐकली.

या कथा घडतात ते पेंटर्स मिल हे गाव काल्पनिक, पण ओहायोतली होम्स काउंटी खरी आहे. अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या अमिश वस्त्यांपैकी एक तिथे आहे. अमिश म्हणजे मोटारी टाळून, घोडागाडी वापरत जुन्या पद्धतीने साधं राहणारा ख्रिस्ती पंथ. मालिकेची नायिका केट बर्कहोल्डर तिथल्याच अमिश घरात जन्मली, अठराव्या वर्षी समाज सोडून गेली आणि पुढे त्याच गावची पोलीस प्रमुख होऊन परतली. ती का गेली, याचं मूळ ती चौदा वर्षांची असताना घडलेल्या एका गोष्टीत आहे. पहिल्या पुस्तकात तपास करता करता तेच तिच्यासमोर येऊन उभं राहतं. याहून जास्त सांगत नाही, ते वाचतानाच कळावं.

खुनी कोण हे तर हवंच असतं, पण मी रमले ती भाषेमुळे. केट युनिफॉर्ममध्ये, कमरेला पिस्तूल लावून अमिश घराच्या दारात उभी राहते आणि पेनसिल्व्हेनिया डचमध्ये, म्हणजे अमिश लोकांच्या जर्मन वळणाच्या बोलीत, बोलायला लागते. कुणाची जीभ जरा सैल होते, कुणी आणखीच आक्रसून जातं, कारण समाज सोडून गेलेली पोर परक्याहून परकी. अमिश लोक बाहेरच्या सगळ्यांनाच 'इंग्लिश' म्हणतात. केट धड इंग्लिश नाही, धड अमिशही उरलेली नाही. भाऊ जेकब आणि बहीण सारा यांच्याशी तिचं बोलणं होतं, ती पानं मी थांबून थांबून वाचली. या समाजात बाप्तिस्मा मोठेपणी, स्वतःच्या होकाराने घेतात, आणि तो घेतल्यावर नियम मोडून निघून गेलं तर वाळीत. मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बहिष्काराविरुद्ध आपल्याकडे २०१६ साली कायदा करावा लागला आहे.

माझं सगळ्यात आवडतं आठवं, 'अमंग द विकेड'. एका मुलीच्या मृत्यूच्या तपासासाठी केट न्यूयॉर्क राज्यातल्या एका कडव्या अमिश वस्तीत शिरते, विधवा अमिश बाई बनून. जे कपडे अठराव्या वर्षी उतरवले, तेच आता कामासाठी अंगावर चढवायचे. ते वाचताना माझ्याच पोटात कालवाकालव झाली. पाचव्या 'हर लास्ट ब्रेथ'मध्ये घोडागाडीला भरधाव वाहन उडवतं. बाप आणि दोन मुलं जागीच जातात, आणि मागे राहिलेली बायको म्हणजे केटची बालमैत्रीण. ते पुस्तक मिटल्यावर दोन दिवस दुसरं काही हातात घेतलं नाही.

खटकलेलंही सांगते. सलग वाचलं की साचा दिसायला लागतो: शेवटी केट एकटीच संकटात सापडते, आणि एवढ्याशा गावात इतके खून पटेनासे होतात. राज्याच्या तपास यंत्रणेतला अधिकारी जॉन टोमासेट्टी याच्यासोबतचं तिचं नातं मला मनापासून आवडतं, पण मधल्या एक-दोन पुस्तकांत ते जागचं हलत नाही. हिंसाही खूप आहे. दुसऱ्या 'प्रे फॉर सायलेन्स'मध्ये अख्खं सात जणांचं अमिश कुटुंब मारलं जातं. ज्यांना असलं वर्णन सोसत नाही, त्यांनी ते रात्री वाचू नये.

क्रम मात्र मोडू नका. प्रत्येक पुस्तकातला गुन्हा स्वतंत्र असला तरी केटच्या मनातलं ओझं पुस्तकागणिक पुढे सरकत जातं. मी घाईत चौथ्याच्या आधी सहावं घेतलं, तर तिच्या घरातल्या गोष्टी कळेनात. परत मागे जावं लागलं. दोन पुस्तकांच्या मध्ये पंधरा-वीस दिवस जाऊ द्या, साचा कमी जाणवतो.

आता बारावं, 'आउटसायडर' सुरू केलंय. बर्फाचं वादळ, आणि केटची एक जुनी पोलीस मैत्रीण जीव मुठीत धरून पळतेय. रोज एकच प्रकरण वाचायचं ठरवलंय, म्हणजे पुरेल.