स्वाहिली फुकटात, फिलिपिनोला मास्तर: घरबसल्या शिकण्याच्या साधनांचा हिशेब

बेलापूर-नेरूळकडे मर्चंट नेव्हीतली पोरं पुष्कळ, आणि जहाजावर सोबतीला फिलिपिनो खलाशी बहुतेक ठरलेलेच. इकडे आयात होणाऱ्या तुरीत टांझानियाची तूर असते, त्यामुळे वाशीच्या धान्यबाजारातल्या एखाद्याला तिथल्या दार-एस-सलाम शहराशी स्वाहिलीत बोलायची गरज पडू शकते. या दोन्ही भाषांचा क्लास ठाणे-नवी मुंबईत शोधत बसण्यापेक्षा मोबाइल बरा. पण दोन्ही एकाच पद्धतीने शिकायला घेतल्या तर स्वाहिली चालू लागेल आणि फिलिपिनो जागच्या जागी बसेल. म्हणून निकाल आधीच सांगतो: स्वाहिलीवर सुरुवातीला एक रुपयाही घालू नका, फिलिपिनोला पहिल्या महिन्यापासून शिकवणारा माणूस लावा.

स्वाहिलीसाठी ‘लँग्वेज ट्रान्सफर’चा ‘कम्प्लीट स्वाहिली’ हा ऑडिओ कोर्स घ्या. ११० ट्रॅक, सगळे मोफत. प्रकल्प देणग्यांवर चालतो. माध्यम इंग्रजी. शिक्षक प्रश्न विचारतो, आणि रेकॉर्डिंगमधल्या विद्यार्थ्याने तोंड उघडायच्या आत आपण ट्रॅक थांबवून उत्तर द्यायचं. वहीत लिहायचं नाही, पाठ करायचं नाही. लोक फसतात ते इथेच: ट्रॅक न थांबवता गाणी ऐकल्यासारखे ऐकत जातात आणि विसाव्या ट्रॅकला सगळं डोक्यावरून जायला लागतं. ठाणे-वाशी लोकलच्या अर्ध्या तासात तीन-चार ट्रॅक होतात, पण गर्दीत मोठ्याने बोलता येत नाही. तेव्हा गाडीत नुसतं ऐका आणि तेच ट्रॅक रात्री घरी थांबवत, आवाज काढून पुन्हा करा. ट्रॅक घरूनच डाउनलोड करून निघा.

ही पद्धत स्वाहिलीला लागू पडते, कारण तिचं क्रियापद जोडकामाचं आहे. ‘सोमा’ म्हणजे वाचणे. ‘नि-ना-सोमा’ मी वाचतोय, ‘नि-लि-सोमा’ वाचलं, ‘नि-ता-सोमा’ वाचेन. ‘नि’च्या जागी ‘तु’ घातला की आम्ही. स्त्री-पुरुष असा भेद क्रियापदात नाही. जोर जवळजवळ नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर, आणि स्वर पाचच. देवनागरीत लिहिलं तरी फारसं बिघडत नाही.

अडतं ते नामांच्या वर्गांपाशी. आपल्याकडे तीन लिंगं, तिथे वर्ग कितीतरी जास्त, आणि विशेषण, संख्या, क्रियापद सगळ्यांनी नामाच्या मागे जायचं. ‘किताबु किमोजा किमेआंगुका’: एक पुस्तक पडलंय. दोन झाली की ‘विताबु विविली विमेआंगुका’. गंमत म्हणजे अरबीतून आलेल्या ‘किताब’मधला ‘कि’ स्वाहिलीने स्वतःचा उपसर्ग समजून घेतला आणि त्याचं अनेकवचन करून टाकलं. मराठी माणसाला नपुंसकलिंग पाठ करायची सवय असतेच. एकवचन-अनेकवचनाची जोडी म्हणूनच नाम लक्षात ठेवा, एकटं कधीच नको. दुका, साबुनी, रांगी, हेसाबु, बिमा हे शब्द तर शिकवावेही लागत नाहीत.

कोर्सची खोट एकच, पण मोठी: शब्दसंग्रह तुटपुंजा, आणि वाचन जवळजवळ नाही. अर्ध्यावर आलात की बीबीसी किंवा डॉइचे वेलेच्या स्वाहिली बातम्या सोबत सुरू करा. रोज एकच बातमी, पण तिच्यातल्या प्रत्येक क्रियापदाचे तुकडे पाडून.

फिलिपिनोसाठी लँग्वेज ट्रान्सफरकडे असा कोर्स नाही. पिम्स्लर कंपनीचा टागालोगचा ऑडिओ कोर्स आहे (फिलिपिनोचा पाया टागालोगच), एका लेव्हलला अर्ध्या-अर्ध्या तासाचे ३० धडे, पैसे मोजून. उच्चार बसवायला उत्तम. पण तो तयार वाक्यं कानावर घालतो, रचना उलगडून फारशी सांगत नाही, आणि फिलिपिनोत रचनाच तर कठीण आहे. क्रियापद सहसा आधी येतं आणि वाक्यात कोणाला पुढे आणायचं ते त्यावरच ठरतं. ‘कुमाइन आङ बाता नङ मङ्गा’: मुलाने आंबा खाल्ला, भर मुलावर. ‘किनाइन नङ बाता आङ मङ्गा’: तोच मुलगा, पण आता बोलणं त्या ठरावीक आंब्याचं. विकत घेण्याचं ‘बिली’ घ्या: बुमिली, बिनिली, बिनिल्हान, इबिनिली. घेणारा, घेतलेली वस्तू, ज्याच्याकडून घेतली तो, ज्याच्यासाठी घेतली तो. कर्तरी-कर्मणी शाळेत घासून आलेल्याला पहिले दोन लवकर कळतात. पुढच्या दोघांना मराठीत जोड नाही. तिथे वाक्य चुकल्यावर लगेच टोकणारा समोर हवा.

दुसरं कारण जोराचं. तो लिखाणात सहसा दाखवत नाहीत. ‘बुकास’ पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हटलं तर उद्या, दुसऱ्यावर दिला तर उघडं. (दुकानाच्या दारावर वाचलंत तर उघडंच समजा.) शिवाय शब्दारंभी ‘ङ’ येतो, ‘ङायोन’ म्हणजे आत्ता; मराठी जीभ तिथे ‘न’ किंवा ‘नग’ करते आणि स्वतःच्या कानाला ते कळत नाही. एका बाबतीत मात्र आपण फायद्यात: ‘तायो’ आणि ‘कामी’ म्हणजे नेमके आपण आणि आम्ही. इंग्रजीतून शिकणारे इथे हटकून घोटाळतात. म्हणूनच अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या संस्थेचा अंदाज, स्वाहिलीला ३६ आठवडे आणि टागालोगला ४४, आपल्याला जसाच्या तसा लावू नये. तो इंग्रजी भाषकांसाठी आहे.

शिक्षक आयटॉकी या ऑनलाइन शिकवणीच्या साइटवर दोन्ही भाषांचे मिळतात. चाचणीच्या तासालाच सांगून ठेवा: इंग्रजी मिसळू नका, प्रत्येक चुकीचा जोर थांबवून दुरुस्त करा. मनिलात बोलताना इंग्रजी इतकी मिसळतात की न सांगितल्यास तास निम्मा इंग्रजीतच जातो. वेळ ठरवताना मनिला आपल्या अडीच तास पुढे आहे हे धरा. ऑफिसातून येऊन रात्री साडेआठला बसलात तर तिकडे अकरा वाजलेले. सकाळी साडेसहा बरे, तिकडे नऊ. पुढे स्वाहिलीलाही शिक्षक घेतलात तर उलटं: नैरोबी अडीच तास मागे, रात्री साडेआठला तिकडे संध्याकाळचे सहा. पण शिक्षक स्वाहिलीत ‘सा कुमी ना म्बिली’, म्हणजे बारा, म्हणाला तर घाबरू नका. ते दिवसाचे तास सकाळी सहापासून आणि रात्रीचे संध्याकाळी सहापासून मोजतात, म्हणून त्यांचे बारा म्हणजेच घड्याळातले सहा.